बॅबल: दोन शब्द, एक चांदीची पट्टी आणि मधली माया

तीन आठवडे लागले मला हे पुस्तक संपवायला, आणि मी काही हळू वाचणारी नाही. अर्धंअधिक गोव्यातल्या फोंडा-पणजी कदंब बसमधे वाचलं, पावसामुळे खिडक्या बंद, पायाशी सगळ्यांच्या छत्र्यांचं पाणी, एका हाताने वरचा दांडा धरलेला आणि दुसऱ्या हातात हे पाचशेच्या वर पानांचं धूड. एकदा बाणस्तारीच्या पुलावर पाऊण तास अडकलो, कंडक्टर खाली उतरून पुढे काय झालंय बघून आला, सगळे वैतागलेले, आणि मला मात्र वाटत होतं अजून दहा मिनिटं थांबू दे, एवढं प्रकरण संपू दे.

पुस्तकाचं नाव ‘बॅबल’, इंग्रजी फँटसी कादंबरी, लेखिका आर. एफ. क्वांग. २०२२ साली आलं. फँटसी-विज्ञानकथांच्या मोठ्या पुरस्कारांपैकी नेब्युला मिळालं, लोकस मिळालं, आणि ह्यूगोच्या वेळी पुरेशी नामांकनं असूनसुद्धा कारण न सांगता अपात्र ठरवलं, त्यावरून मोठा गदारोळ झाला होता तेच हे. मी पुरस्कार बघून घेतलं नाही. एका मैत्रिणीने एवढंच सांगितलं की यात भाषांतर करणारे लोक जादू करतात. मी बारा वर्षं भाषांतराचं काम करतेय, इंग्रजीतून मराठी, कोकणीतून मराठी, औषधांच्या पत्रकांपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत जे मिळेल ते. भाषांतर करणारा माणूस एखाद्या कादंबरीचा हिरो आहे हे ऐकूनच मी पुस्तक मागवलं.

गोष्ट सुरू होते १८२० च्या दशकाच्या शेवटी, चीनमधल्या कँटनमध्ये. घरात कॉलऱ्याने सगळे गेलेत, आई शेजारी मरून पडलीय, आणि एक लहान मुलगा मरायला टेकलाय. तिथे एक इंग्रज प्रोफेसर येतो, लव्हेल त्याचं नाव, आणि चांदीची एक पट्टी त्या पोराच्या छातीवर ठेवून त्याला वाचवतो. मग त्याला सांगतो की तुझं नाव इंग्रज लोकांना उच्चारता येणार नाही, दुसरं निवड. पोरगा रॉबिन स्विफ्ट असं नाव घेतो. त्याचं खरं चिनी नाव काय होतं ते आपल्याला अख्ख्या पुस्तकात कळत नाही, शेवटपर्यंत नाही. मी वाट बघत होते, वाटलं आता सांगेल, मग सांगेल. नाही सांगितलं, आणि तेच बरोबर आहे असं मला आता वाटतं.

लव्हेल त्याला इंग्लंडला नेतो, लॅटिन-ग्रीक शिकवतो, चिनी विसरू देत नाही, आणि मग ऑक्सफर्डला पाठवतो. तिथे एक आठ मजली टॉवर आहे, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्स्लेशन, त्यालाच सगळे बॅबल म्हणतात. (हा टॉवर अर्थात कल्पनेतला, बाकीचं ऑक्सफर्ड बरंचसं खरं.) आणि आता जादूबद्दल सांगते, कारण हे पुस्तक उभं आहे ते या जादूवर.

चांदीची पट्टी घ्यायची. एका बाजूला एका भाषेतला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला साधारण त्याच अर्थाचा शब्द. दोन्ही मोठ्याने म्हणायचे. एका भाषेतनं दुसऱ्या भाषेत जाताना अर्थाचा जो भाग गळून पडतो, जो काही केल्या पलीकडे नेता येत नाही, तो चांदी पकडते आणि खरा करून दाखवते. त्या मुलाला वाचवणाऱ्या पट्टीवर एका बाजूला जुन्या फ्रेंचमधला ‘त्रियाक्ल’ आहे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी ‘ट्रीकल’. ट्रीकल म्हणजे आज साखरेची काकवी, पण त्याचा पूर्वज असलेला फ्रेंच शब्द म्हणजे विषावरचा उतारा. त्या दोघांच्या मधे जे हरवलं, ते औषध. मी हे वाचलं आणि पुस्तक मांडीवर उलटं ठेवून पाच मिनिटं नुसती बसले. बारा वर्षं मला वाटत होतं की भाषांतरात जे सुटतं ती माझी चूक, माझा कमीपणा. इथे कोणीतरी म्हणत होतं की जे सुटतं त्यातच ताकद आहे.

यात अट एक, ती म्हणजे पट्टी वापरणाऱ्याला दोन्ही भाषा नुसत्या येऊन चालत नाहीत, त्या भाषेत त्याला विचार करता यायला हवा, स्वप्नं पडायला हवीत. शब्दकोश घेऊन बसलेल्या माणसाचं काम नाही. दुसरी गोष्ट अशी की युरोपातल्या भाषा शेकडो वर्षं एकमेकींना घासून घासून सारख्या होत चालल्यात, शब्दांची देवघेव झाली की मधली फट बुजते आणि पट्टीचा जोर कमी होतो. म्हणून मग लांबच्या भाषा लागतात. चिनी, अरबी, फारसी, उर्दू, संस्कृत. म्हणून रॉबिन, म्हणून कलकत्त्याचा रामी, म्हणून हैतीत जन्मलेली आणि फ्रान्समध्ये वाढलेली व्हिक्टॉयर. त्यांना प्रेमाने आणलेलं नाही, खाण सापडावी तसं आणलंय. त्या चांदीवर इंग्लंडच्या गाड्या धावतात, जहाजं चालतात, पूल उभे राहतात, श्रीमंतांच्या बागा फुलतात. ज्या देशाची भाषा नेली त्या देशाला मात्र एक पट्टी मिळत नाही.

हे वाचायला लागल्यापासून मी एक वही केली. खरंच केली, जुन्या डायरीची मागची पानं. त्यात आपल्याकडच्या जोड्या लिहायला लागले. गोव्यात राहणाऱ्याला हे फार कठीण नाही, चारशे साडेचारशे वर्षं पोर्तुगीज इथे होते आणि त्यांचे शब्द पार देशावरच्या मराठीतसुद्धा जाऊन बसले. चावी, बिजागरी, घमेलं, परात, लिलाव, पगार, हापूस. आपण रोज वापरतो आणि हे बाहेरून आले हे आठवतसुद्धा नाही. पुस्तकाच्या हिशेबाने या जोड्यांमधे फारसा जोर उरला नसेल, पण मी एकेक घेऊन बघत गेले. पगार घ्या. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे देणं, पैसे चुकते करणं, ते क्रियापद आहे, देणाऱ्याची क्रिया. आपल्याकडे आलं आणि ते नाम झालं, एक तारखेला हातात पडायची वस्तू झाली, देणारा त्यातून गायबच झाला. तुरुंग घ्या. हा ‘त्रोंकु’पासून आला म्हणतात, त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याला अडकवायचा लाकडी खोडासुद्धा. म्हणजे आपण तुरुंग म्हणतो तेव्हा आत कुठेतरी एक झाड उभं आहे. ही जोडी चांदीवर कोरली तर काय होईल? भिंतींना पालवी फुटेल की माणसाच्या पायाला मुळं फुटतील? दोन दिवस माझ्या डोक्यात हेच होतं.

आणि मग माया.

माझी आई सावंतवाडीची, लग्न होऊन म्हार्दोळला आली, आणि तीस वर्षं तिने शिवणकाम केलं. मला ब्लाऊज कापायला शिकवताना ती नेहमी एकच म्हणायची, “वायच माया ठेव गो.” माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. ते दिसत नाही, बाहेरून कोणाला कळत नाही, पण माणूस जाड झाला, बाळंतीण झाली, कपडा आटला, तर तीच माया उसवून वाढवता येते. एकदा मी अगदी मापात कापलं, एक सूतसुद्धा जादा नाही, मला वाटलं आई खूश होईल. आईने ते हातात घेतलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “ह्याका जागाच नाय.” ते दोन धुण्यांत उसवलं.

आता बघा, मराठीत माया म्हणजे कापडातली ही जागा. माया म्हणजे जीव लावणं. माया म्हणजे कोणीतरी भरपूर माया जमवली म्हणतो तो पैसा. आणि माया म्हणजे जादू, भ्रम, नसलेलं दिसणं. एका शब्दात चार घरं. याच्या पलीकडच्या बाजूला इंग्रजीतला कुठला शब्द कोरणार? कुठलाही कोरा, तीन घरं बाहेरच राहतात. माझ्या वहीत त्या जोडीची उजवी बाजू अजून कोरी आहे.

हे एवढं लांबवलं कारण मला वाटतं हीच या पुस्तकाची खरी कमाई आहे, तुम्ही तुमच्या घरातले शब्द उलटून बघायला लागता. दुसऱ्या कुठल्या फँटसीने मला हे केलं नाही. तिथे जादू म्हणजे काठी आणि मंत्र, आणि मंत्राला अर्थ असलाच पाहिजे असं नसतं. इथे मंत्र म्हणजे व्युत्पत्ती आहे, अभ्यास आहे, रात्रभर कोश चाळणं आहे.

आणि ती मेहनत काय करते माणसाचं, हे लेखिकेला चांगलं माहीत आहे. ती स्वतः जन्माने ग्वांगझूची, म्हणजे पुस्तकातल्या कँटनचीच, लहानपणी अमेरिकेत गेली, पुढे केंब्रिज आणि ऑक्सफर्ड दोन्हीकडे शिकली. तो टॉवर तिने बाहेरून बघून लिहिलेला नाही. रॉबिन लहान असताना एकदा कादंबरी वाचण्यात रंगून जातो आणि शिकवणीची वेळ चुकवतो, तेव्हा लव्हेल त्याला शेकोटीतल्या लोखंडी सळईने मारतो. शांतपणे, चिडल्यासारखासुद्धा नाही. आणि मग सांगतो की आळस करायचा असेल तर कँटनला परत जा, नाहीतर मन लावून शीक. पोरगा शिकतो म्हणतो. पुढे एकही शिकवणी चुकवत नाही. तो प्रसंग दोन-तीन पानांचाच आहे पण पुढची सगळी पानं त्या सळईच्या सावलीत आहेत. रॉबिन हुशार आहे, सगळं येतं त्याला, आणि प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देताना तो घाबरलेला असतो. मला हे लगेच ओळखता आलं, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना येईल.

माझंच सांगते. चार वर्षांपूर्वी एका संस्थेचं मोठं काम आलं होतं, नाव नको, पुस्तिका होती. मी मसुदा दिला, त्यांनी परत पाठवला, मी सुधारला, परत. दहा-अकरा वेळा झालं असेल, आणि खरं सांगायचं तर शेवटच्या चार वेळा त्यांनी काहीच मागितलं नव्हतं, मीच पाठवत होते, हे वाक्य अजून नीट होईल, हा शब्द अजून नेमका सापडेल. म्हार्दोळला त्याच आठवड्यात म्हाळसेची जायांची पूजा होती. सगळं गाव जायांच्या वासाने भरलेलं, शेजारणी फुलं गुंफायला बसलेल्या, आई दोनदा खोलीच्या दारात येऊन गेली, आणि मी एका वाक्यातल्या ‘सुविधा’ आणि ‘सोय’ यांच्यामधे अडकून बसले. गेले नाही. शेवटी पुस्तिकेत तिसराच शब्द छापला, त्यांनी परस्पर बदलला. आईने देवळातून आणलेली फुलं माझ्या टेबलावर ठेवली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिवळी पडलेली बघितली तेव्हा कळलं मी काय केलं. या पुस्तकात परीक्षेच्या आधीची जी पानं आहेत, न झोपलेली पोरं, एकमेकांवर खेकसणारी, शब्दांच्या याद्या पुटपुटत चालणारी, ती वाचताना मला तो वास आला.

तर चार मित्र. रॉबिन, रामी, व्हिक्टॉयर आणि लेटी. लेटी इंग्रज, चांगल्या घरची, फक्त मुलगी म्हणून शिक्षणाला मुकणार होती. रामीचं पूर्ण नाव रमीझ रफी मिर्झा, मोठ्याने बोलणारा, नाटकी, सगळ्यांना हसवणारा, आणि आतून सगळ्यांत जास्त संतापलेला. रॉबिन आणि रामी पहिल्यांदा भेटतात ते दोन-तीन दिवस, कॉलेज सुरू व्हायच्या आधीचे, मॅगपाय लेनमधल्या त्या घरात, ती पानं मी परत वाचली. परक्या गावात आपल्यासारखंच कोणीतरी भेटल्यावर माणूस कसा बडबडतो, भूक लागते, सगळं शहर आपलं वाटतं, ते इतकं खरं उतरलंय. व्हिक्टॉयरचं मला सगळ्यांत जास्त लागलं. तिला फ्रेंच येतं म्हणून तिला घेतलं, पण तिची खरी भाषा क्रेयोल, हैतीतल्या लोकांची बोली, आणि टॉवरला क्रेयोलमधे रस नाही, त्यात त्यांना फायदा दिसत नाही. कोकणीवाल्यांना, मालवणीवाल्यांना, आणि कधी कधी मराठीवाल्यांनासुद्धा हे सांगायला नको.

पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच, की चीनला अफू विकायची म्हणून इंग्लंड युद्धाच्या तयारीला लागतं, १८३९ चं ते खरं युद्ध, आणि या पोरांना ठरवावं लागतं की ते कोणाच्या बाजूने. अफू हिंदुस्थानातली, चांदी चीनची, नफा लंडनचा. वाचताना मला सारखं दमण आठवत होतं. माळव्याची अफू ईस्ट इंडिया कंपनीचा डोळा चुकवून दमणच्या बंदरातून चीनला जायची, दमण तेव्हा पोर्तुगीजांकडे, म्हणजे पणजीच्या कारभारात. आपण या गोष्टीच्या बाहेर नव्हतो हो, चांगले आत होतो.

आणि ही तारखांची गंमत तर मला झोपू देईना. रॉबिन टॉवरमधे शिकतो त्याच दशकात आपल्याकडे काय चाललं होतं बघा. १८३१ ला मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. मोल्सवर्थ म्हणजे कंपनीच्या फौजेतला माणूस, सोबत कँडी बंधू, आणि शब्द गोळा करायला आपले पंडित, ज्यांची नावं आज कोणी घेत नाही. तो कोश आजही माझ्या टेबलावर असतो, दिवसातून चारदा उघडते. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी. म्हणजे अख्खं वर्तमानपत्रच चांदीची पट्टी! आणि त्याच १८३२ च्या सप्टेंबरात पणजीत पब्लिक लायब्ररी सुरू झाली, आज पाटोला आहे तीच, कृष्णदास शामांच्या नावाची. मी या पुस्तकाची शेवटची शंभर पानं मुद्दाम तिथे जाऊन वाचली, खिडकीजवळच्या टेबलावर, बाहेर पाऊस आणि पाटोच्या गाड्या.

अजून मागे जायचं तर आपल्याकडे एक खराखुरा इंग्रज होऊन गेलाय जो या टॉवरमधे सहज शोभला असता. फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ ला गोव्यात आला, साष्टीत राहिला, इथली भाषा इतकी शिकला की मराठीत ओव्या लिहिल्या, ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं. हिंदुस्थानी भाषा आणि ग्रीक-लॅटिन यांच्यात साम्य आहे हे त्याने १५८३ मधेच घरी पत्रात कळवलं होतं. कोकणीचं व्याकरण लिहिलं, ते तो गेल्यावर १६४० मधे रायतूरला छापलं. मराठीवर त्याचं मनापासून प्रेम होतं, ओव्या वाचल्या की शंका उरत नाही. आणि तो आला होता लोकांना बाटवायला, त्यातही शंका नाही. पुढे १६८४ ला तर व्हॉइसरॉयचा हुकूमच निघाला की तीन वर्षांत आपली बोली सोडा आणि पोर्तुगीज बोला. भाषेवर प्रेम करणारा आणि भाषा मोडणारा एकाच जहाजातून उतरतात, कधी कधी एकाच झग्यात असतात, हे आम्हाला शाळेत कोणी असं सांगितलं नाही. या कादंबरीने सांगितलं. लव्हेलला चिनी भाषा मनापासून आवडते. चिनी माणूस आवडत नाही. त्याला पोराचे उच्चार पूर्ण निर्दोष हवेत, पोरगा नसला तरी चालेल.

आता जे खटकलं ते.

पहिलं, लेखिका वाचकावर विश्वास ठेवत नाही. एखादा प्रसंग इतका सुरेख लिहिते, डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि मग पुढच्या परिच्छेदात कोणीतरी पात्र येऊन त्याचा अर्थ सांगतं. मग तळटीप येते आणि तीही सांगते. आम्हाला कळलं बाई, आम्ही त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला वाढलोय. तळटिपा मला एरवी आवडल्या, शब्दांच्या गोष्टी असलेल्या तर खूपच, त्या गाळू नका. पण ज्या तळटिपा नुसतं मत सांगतात त्या वाचून मी पान उलटलं.

दुसरं, प्रोफेसर लोक. लव्हेल थोडा तरी वळणावळणाचा आहे, बाकी बहुतेक एकाच रंगाचे. टॉवरमधे प्रोफेसर चक्रवर्ती म्हणून एक आहेत, हिंदुस्थानी माणूस, चिनी शिकवतो. मला त्यांच्याबद्दल किती जाणून घ्यायचं होतं! हा माणूस तिथे कसा पोचला, रात्री एकटा असताना कुठल्या भाषेत विचार करतो, रामीकडे बघून त्याला काय वाटतं. दार उघडतं आणि लगेच बंद होतं. रामीचंही तसंच, त्याच्या कलकत्त्याच्या घराला थोडीच पानं मिळतात, कँटनला जितकी माया मिळाली तितकी कलकत्त्याला नाही.

तिसरं, भाषा. १८३० च्या दशकातली पोरं मधूनच आजच्या कॉलेजातल्या पोरांसारखी बोलतात. मला याचा फार त्रास झाला नाही पण माझ्या एका मित्राने याच कारणासाठी शंभर पानांत सोडून दिलं. आणि शेवटचा तिसरा हिस्सा धावतो. आधीची चारशे पानं तिने शिजवलंय मंद आचेवर, आणि मग एकदम गॅस मोठा. ज्यांच्यासाठी मी रडायला हवं होतं त्यांच्यातल्या एकाचं मला कळायच्या आतच होऊन गेलं, मागे जाऊन परत वाचावं लागलं.

तरीसुद्धा शेवटची वीस-पंचवीस पानं. काय होतं ते सांगत नाही म्हटलं तर नाही, पण त्यात एक जोडी वापरली जाते जी आधीच धोक्याची म्हणून सांगून ठेवलेली असते, अनुवाद या शब्दाचाच अनुवाद. मी लायब्ररीत होते, बंद व्हायची वेळ होत आली होती, दिवे एकेक करून घालवायला लागले होते आणि मी उठू शकत नव्हते.

त्या संध्याकाळी स्टँडकडे न जाता मी चालत जुन्या सेक्रेटरिएटपर्यंत गेले, आबे फारियाच्या पुतळ्याकडे. गोव्यातल्या पोराटोरांनाही ती गोष्ट माहीत आहे. कांदोळीचा हा मुलगा, लिस्बनला राणीच्या चॅपेलमधे प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोरचे बडे लोक बघून त्याची वाचाच बसली. तेव्हा बापाने खालून हळूच कोकणीत म्हटलं, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी.” आणि पोरगा घडाघडा बोलायला लागला. पुढे हाच पॅरिसला जाऊन संमोहनातला मोठा माणूस झाला. मी ती गोष्ट शंभर वेळा ऐकलीय, हसण्यावारी नेलीय. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की अरे, हीच तर ती पट्टी. अख्खा चॅपेल पोर्तुगीजमधे, आणि त्यात घरचं एक वाक्य, जे तिथे दोघांशिवाय कोणालाच कळलं नाही. पोर्तुगीजमधे तेच सांगितलं असतं तर पोरगा गप्पच राहिला असता.

असो. पुस्तकाबद्दल उपयोगाचं थोडं. मी इंग्रजीतून वाचलं. इंग्रजी सोपी आहे, मधे मधे चिनी लिपी येते पण अर्थ लगेच दिलेला असतो, अडत नाही. मला सूट धरून पाचशेच्या आत पडलं. कागद बरा आहे पण कणा नाजूक, माझ्या प्रतीची मधली पानं पावसाळ्यातल्या बसने सैल केली, तेव्हा बाहेर नेणार असाल तर प्लास्टिकचं कव्हर घाला. पहिली साठ-सत्तर पानं सावकाश जातात, रॉबिन टॉवरमधे पहिल्यांदा शिरतो आणि आठव्या मजल्यावर चांदी बघतो तिथपर्यंत तरी धीर धरा. लढाया, ड्रॅगन, तलवारी हव्या असतील तर हे नव्हे. मारहाण, वंशभेद, मरण सगळं आहे आणि झाकून सांगितलेलं नाही, आठवी-नववीच्या मुलांच्या हातात मी देणार नाही, बारावीच्या पुढे जरूर द्या. ज्यांच्या घरी एक भाषा, शाळेत दुसरी, ऑफिसात तिसरी, आणि शेजारच्या आजोबांच्या जमिनीच्या कागदावर चौथी, अशा प्रत्येकाने वाचावं असं मला वाटतं, म्हणजे गोव्यातल्या जवळजवळ सगळ्यांनीच. पाचपैकी साडेचार. अर्धा चक्रवर्तींसाठी कापला.

काल आईला मी जादूचं सगळं समजावून सांगितलं, चांदी, दोन शब्द, मधे हरवलेलं. ती उशीच्या अभ्र्याला काठ लावत होती. सगळं ऐकून घेतलं, दाताने दोरा तोडला आणि विचारलं, “मगे ती पोरां परत घरी गेली की नाय?” मी म्हटलं तू वाच. ती म्हणाली तू मराठीत कर, मग वाचते. सध्या पहिलं प्रकरण घेऊन बसलेय, फक्त आईसाठी, वहीत पेन्सिलीने. ‘ट्रीकल’पाशी अडकलेय. काकवी लिहिलं, खोडलं, परत काकवी लिहिलं. आज तसंच ठेवलंय, संध्याकाळी देवळात जायचंय.